आवाजवाल्यांचे प्रश्न: ओळखी, गोधडी आणि रेट

प्रश्न: मी साताऱ्यात राहतो, मुंबईत ओळखीचं कुणी नाही. सीनियर व्हॉइस आर्टिस्टना माझ्या आवाजाचा डेमो पाठवतो पण उत्तरच येत नाही. काय चुकतंय?

डेमो चुकीच्या माणसाकडे जातोय. काम देतात ते स्टुडिओवाले आणि डबिंग कोऑर्डिनेटर, म्हणजे डबिंगसाठी आवाज शोधून बोलावणारे, डेमो त्यांना पाठवा, मिनिटभराच्या आत बसणारा, आणि जाहिरात, नॅरेशन, कॅरेक्टर यांच्या फायली वेगवेगळ्या. सुरुवातीला म्युझिक नको, स्वतःची ओळख नको, थेट आवाज. सीनियरला मात्र प्रश्न विचारा, तोही नेमका. "सर मार्गदर्शन करा" याला माणूस काय उत्तर देणार? पण "३० सेकंदांची स्क्रिप्ट ३५ मध्ये जातेय, श्वास कुठे घेऊ" असं लिहून तेवढाच तुकडा पाठवलात तर दिवसभर बोलून घसा बसलेला माणूससुद्धा घरी जाताना रिक्षात ऐकतो आणि दोन ओळी लिहितो, मी कितीदा लिहिल्यात. आणि हो, अंधेरी-ओशिवऱ्याकडच्या एखाद्या स्टुडिओतून क्राउडसाठी, म्हणजे गर्दीच्या आवाजांसाठी, बोलावलं तर लांब पडतं म्हणून टाळू नका. बाजारातला गलका, मोर्चातल्या घोषणा, पाच-सहा जण एका माइकभोवती उभे, मध्ये चहा, तिथे झालेल्या ओळखी टिकतात.

प्रश्न: घरी रेकॉर्ड केलं की डब्यात बोलल्यासारखं येतं. महागडा माइक घेऊ का?

आधी गोधडी घ्या, भिंतीवर आपटून परत येणारा आवाज ती शोषून घेते. माझ्या एका मैत्रिणीचा हाच त्रास होता, तिला म्हटलं खोलीचा फोटो पाठव. बघते तर काचेचं टेबल, पाठीमागे उघडी भिंत, आणि गोधडी टांगलेली माइकच्या मागे! अगं, कार्डिओइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे त्याच्या समोर तू आणि तुझ्या पाठीमागची भिंत, गोधडी तिथे हवी. तिने दोरी बांधून आजीची जाड गोधडी पाठीमागे टाकली, टेबलावर चादर अंथरली, अर्ध्या तासात फरक. तोंड आणि माइक यांत एक वीत अंतर ठेवा, माइक किंचित तिरका, म्हणजे प-फ-भ ची हवा थेट आत जात नाही. पंखा बंद. रेकॉर्डिंगच्या शेवटी दहा सेकंद गप्प बसा, एडिट करणाऱ्याला खोलीची ती शांतता लागते.

प्रश्न: माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधून झालं, डायरेक्टर सारखे च आणि ज वर अडवतात.

अडवतात ते बरोबरच करतात. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळा, 'जग' आणि 'जन्म' मधला ज वेगळा, लिहिताना मात्र अक्षर एकच, त्यामुळे कानानेच शिकावं लागतं. एक जोडीदार शोधा. रोज पेपरातली एक बातमी वाचून त्याला पाठवा, त्याने फक्त चुकलेले शब्द परत म्हणून पाठवायचे. बदल्यात तुम्ही त्याचं इंग्लिश सुधारा, त्याला कॉर्पोरेट फिल्मला कामी येईल.

प्रश्न: सगळं शेअर केलं तर आपलंच काम जाईल ना? आणि रेट विचारावा का?

टिप्स दिल्याने माझं एकही काम गेलेलं नाही. सर्दीने आवाज बसला की मी काम मैत्रिणीकडे पाठवते, तीही पाठवते. रेट तर जरूर विचारा आणि विचारलं तर खरा सांगा. सुरुवातीला मी एका जाहिरातीला एकच आकडा सांगून मोकळी झाले, डिजिटल आणि टीव्हीचे पैसे वेगळे मागायचे असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, ती जाहिरात टीव्हीवर महिनोन्‌महिने चालली आणि मला वर एक रुपया मिळाला नाही. म्हणून मी नव्या मुलांना आकड्यासकट सांगते. आता त्यात एआयची भर पडलीय. २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं, पण आपल्यासारख्यांनी कोर्टापर्यंत वेळ येऊ देऊ नये. काम घेतानाच ईमेलवर लिहून घ्या की हे रेकॉर्डिंग एआय ट्रेनिंगला किंवा आवाजाचं क्लोन बनवायला वापरणार नाही. माझी ती ओळ अशी आहे, घ्या खुशाल: "हा आवाज फक्त वर लिहिलेल्या कामासाठी आणि मुदतीसाठी, एआयसाठी वापर लेखी परवानगीशिवाय नाही."