आधी मीटर लावा, मग बॅटरीला नावं ठेवा

डिसेंबर लागला की माझ्याकडं एकाच दुखण्याच्या चिठ्ठ्या येतात : सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. खान्देशात बॅटरी मरते मे महिन्यात, भुसावळचा पारा 45 च्या वर असतो तेव्हा. पण ते आपल्याला कळतं धुळ्यात पारा 6-7 वर उतरतो तेव्हा. गार इंजिन फिरवायला सेल्फ जास्त करंट मागतो आणि उन्हानं खंगलेली बॅटरी तो देऊ शकत नाही. आता हिची चूक किती आणि गाडीची किती, हे डोळ्यांनी दिसत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर जवळ ठेवा, खालच्या उत्तरांना तो लागणार आहे.

प्रश्न : माझी 2005 ची मारुती 800 आहे. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. मिस्तरीनं अल्टरनेटरही (चालू इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा) नवीन बसवला, तरी आठवड्यातून दोनदा धक्का मारावा लागतो. सगळे म्हणतात, "बॅटरीच खराब शे." – एक वाचक, चोपडा

बॅटरी खराब नाही हो भाऊ, उपाशी आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, 12.2 म्हणजे निम्मं, 12 च्या खाली गेली की तिला चार्जरवर लावल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी खोटी. मग गाडी चालू करून पुन्हा बघा. 13.8 ते 14.4 यायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावून थोडी रेस दिली तरी साडेतेराच्या आसपास टिकायला हवेत.

तुमच्याकडं ते बहुतेक टिकणार नाहीत, आणि नवा अल्टरनेटर बसवूनही टिकत नसतील तर आता वायरिंगकडं वळा. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा, गाडी चालू, लाइट चालू. इथं 0.2-0.3 व्होल्टच्या वर आकडा दिसला की त्या वायरीत कुठंतरी खार धरलाय. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. इथं 0.2 च्या आत हवं. हिशेब साधा आहे : 30 अँपिअर करंट जाताना नुसता 0.05 ओहमचा अडथळा आला तर दीड व्होल्ट तिथंच जळतो. अल्टरनेटर 14.2 देतो, बॅटरीला मिळतात 12.7. इतक्यात ती कधीच भरणार नाही.

मागं माझ्याकडं अशीच एक गाडी आली होती. मीही आधी अल्टरनेटरच उघडून बसलो, कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट देणारे तुकडे) बदलले, काही फरक नाही. संध्याकाळी इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी हातानं हलवली तर बोल्टखाली निळा रंग. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं, पेंटरनं बोल्टाच्या जागेवरही फवारा मारलेला आणि वरून बोल्ट कसलेला. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, पट्टी कसली, वर थोडं ग्रीस लावलं. चार्जिंग 12.9 वरून 14.1. खर्च शून्य, गेला माझा एक दिवस. तुमच्या गाडीला रंग मारलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी तिथंच बघा.

प्रश्न : केळीची कापणी चालू असली की गाडी आठ-आठ दिवस दारात उभी राहते. नंतर चालू होत नाही. चार्जिंग 14.2 आहे. – रावेर

म्हणजे भरणारा नीट आहे, घागर गळतेय. नवीन टेप किंवा जीपीएस बसवलाय का? तिथं माझा पहिला संशय. चाव्या बंद करून मायनसची केबल काढा, मीटर 10 अँपिअरच्या खोबणीत लावून केबल आणि टर्मिनल यांच्या मधे जोडा. दार बंद किंवा त्याचं बटण दाबून ठेवा, आणि या अवस्थेत सेल्फ मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज गेला. घड्याळ, टेपची मेमरी यांना 30 ते 50 मिलिअँपिअर लागतात, ते चालतं. 400 दिसले तर दिवसाला जवळजवळ 10 अँपिअर-अवर गेले. 35 अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत निम्मी होते.

आता एकेक फ्यूज उपसा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, तिथं चोर. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही तर मायनस काढलेली असतानाच अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिला चिकटपट्टी गुंडाळा आणि मीटर पुन्हा जोडा. आता पडला तर अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा) गळतोय. डिकीचा दिवा हाही जुना चोर आहे. डिकी बंद केल्यावर तो विझतो का, हे बघायचं तर मोबाइल आत ठेवून व्हिडिओ काढा.

प्रश्न : बॅटरीचं पाणी दर पंधरा दिवसांनी संपतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, दोन महिन्यांत तीन हेडलाइट गेले. उन्हामुळं असेल का? – धुळे

डिसेंबरात कसलं ऊन! कटआऊट, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलाय. चालू गाडीवर 15 च्या वर व्होल्ट दिसतील. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये तो कार्बनच्या होल्डरसोबतच मागं बसलेला असतो, तेवढाच बदलून मिळतो, अख्खा अल्टरनेटर घेऊ नका. तोवर गाडी दामटू नका, कारण जास्त चार्जिंगनं हायड्रोजन सुटतो. बॅटरीजवळ बिडी-काडी नको. आणि बोअरचं पाणी ओतत असाल तर आजपासून बंद. आपल्या बोअरच्या क्षारानं बादलीला पांढरा थर चढतो, तोच आत प्लेटांना मारतो. डिस्टिल्डच घाला.

प्रश्न : जुनी डिझेल जीप आहे. अल्टरनेटरचे कार्बन सहा महिन्यांत दोनदा बदलले. आत काळा चिकट राडा असतो. ब्रेकही जरा कडक लागतो, पण ते वेगळं असेल. – शहादा

वेगळं नाही! तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी वाचायला हवं होतं. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो, त्यालाच ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) जोडलेला असतो आणि पंपाला इंजिनाचं ऑइल जातं. शाफ्टचं सील गेलं की ऑइल आत उतरतं, कार्बनच्या भुकटीत कालवलं जातं, करंट तुटतो. पंपही झिजला असेल तर ब्रेक कडक. पंप, सील आणि बूस्टरची नळी तपासेपर्यंत सवाऱ्या भरू नका.

प्रश्न : कन्नड घाट रात्री चढताना बॅटरीचा लाल दिवा लागला. चाळीसगाव जवळ होतं, पण मागं वळावं की पुढं जावं कळेना. शिवाय मिस्तरी म्हणतो, चालू गाडीचं टर्मिनल काढून बघायचं, बंद पडली तर अल्टरनेटर गेला. – चाळीसगाव

दिवा लागला की आधी टेंपरेचरचा काटा बघायचा. बऱ्याच गाड्यांत एकच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवतो. तो तुटला असेल तर काटा चढू लागतो, मग जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद. घाटात तसंच रेटलं तर हेड गॅस्केटला मुकाल. बेल्ट शाबूत असेल तर हिशेब करा : दोन हेडलाइट 10 अँपिअर, इग्निशन आणि पेट्रोलचा पंप मिळून आणखी आठ-दहा. भरलेली 35 ची बॅटरी तासभर धरेल, म्हातारी असली तर अर्धा. एसी, टेप बंद करा, इंजिन बंद पडू देऊ नका, आणि उजेड असलेल्या वस्तीकडं वळा.

राहिला मिस्तरी. ती रीत अल्टरनेटरच्या आधीच्या, डायनामोच्या काळातली. आज चालू गाडीचं टर्मिनल काढलं की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणात उसळतो आणि कटआऊट, डायोड, कॉम्प्युटर यांतलं काहीही जाऊ शकतं. त्यांनी टर्मिनलला पाना लावला की तुम्ही चावी फिरवून खिशात टाका.