जिनोम वाचून 'कुणाकडून कुणाला' हे ठरवता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: एकाच आठवड्यात घरातले तिघे आजारी पडले, सगळे बोट माझ्याकडे दाखवतात. डीएनए चाचणीने बाप ठरतो, तर विषाणूचा जिनोम, म्हणजे त्याची संपूर्ण जनुकीय अक्षरमाला, वाचून लागण माझ्याकडूनच झाली का, हे का सांगता येऊ नये?

'तुमच्याकडून झाली नाही' हे बऱ्याचदा छातीठोकपणे सांगता येतं. 'तुमच्याकडूनच झाली' हे क्वचितच. मी जिवाणूंच्या जिनोमचं विश्लेषण करतो. लोक आमच्याकडे येतात ते दुसऱ्या वाक्यासाठी, आणि बहुतेक वेळा घेऊन जातात पहिलं.

बापाच्या चाचणीत बाप कोणता आणि मूल कोणतं, हे आधीच माहीत असतं. इथे नेमकं तेच शोधायचं असतं. हाताने उतरवलेल्या पोथ्या डोळ्यांसमोर आणा. दोन पोथ्यांत एकाच ओळीत एकच विचित्र चूक सापडली, तर त्यांचं मूळ एक आहे हे कळतं. पण ही तिच्यावरून उतरवली, की ती हिच्यावरून, की दोन्ही तिसऱ्याच हरवलेल्या पोथीवरून, हे त्या चुकीवरून कळत नाही. विषाणूही स्वतःची नक्कल करताना चुकतो आणि ती चूक पुढच्या नकलांमध्ये उतरते. आमचा सगळा धंदा या चुकांवर चालतो.

आता अडचण अशी की चुका फार सावकाश होतात. कोरोनाच्या विषाणूचा जिनोम सुमारे 30,000 अक्षरांचा. एका साखळीत महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात, आणि एकाकडून दुसऱ्याला लागण व्हायला मात्र पाच-सहा दिवस पुरतात. म्हणजे साखळीतल्या बऱ्याच जणांचा विषाणू अक्षरशः तंतोतंत सारखा निघतो. क्षयाच्या जिवाणूची तर कमालच. जिनोम 44 लाख अक्षरांचा, आणि बदल सरासरी दोन वर्षांत जेमतेम एक! म्हणून दोन क्षयरुग्णांमध्ये पन्नास अक्षरांचा फरक दिसला, तर त्यांनी अलीकडे एकमेकांना आजार दिलेला नाही, हे मी निश्चिंतपणे लिहून देतो. फरक शून्य निघाला की मात्र माझा हात आखडतो.

त्याचं एक कारण स्वानुभवाचं आहे. एकदा दोन क्षयरुग्णांच्या जिवाणूंचे क्रम, म्हणजे वाचलेल्या अक्षरांच्या ओळी, अगदी एकसारखे आले. दोघांची कधी गाठ पडलेली नाही, राहायला कुठल्या कुठे. दोन दिवस आम्ही काय काय तर्क लढवले! शेवटी नोंदवहीत दिसलं की दोन्ही नमुने एकाच दिवशी, शेजारशेजारच्या नळ्यांमध्ये हाताळले गेले होते. 'लागण' आमच्याच टेबलावर झाली होती.

हे तंत्र फळतं तेव्हा मात्र थक्क करतं. 2011 साली अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा क्लेब्सिएला जिवाणू शिरला. पहिली रुग्ण घरी गेली, आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका रुग्णात तो सापडला. मधल्या काळात कुणाकडेच दिसला नव्हता, त्यामुळे हा वेगळा शिरकाव वाटणं साहजिक होतं. जिनोम म्हणाला, नाही, हा तोच. म्हणजे मधल्या काळात तो कुणाच्या तरी अंगात किंवा कुठल्या तरी वस्तूवर गुपचूप होता. पुढे तो स्वच्छ केलेल्या व्हेंटिलेटरवर आणि सिंकच्या नाल्यांतही सापडला. एकूण 18 जणांना तो चिकटला, 11 दगावले, त्यांतले सहा याच संसर्गाने. इथेही कुणाकडून कुणाला हे दाखवणारे बाण काढताना संशोधकांनी कोण कोणत्या वॉर्डात, किती तारखेला होतं याच्या नोंदी जोडल्या होत्या. नुसत्या अक्षरांवरून तो नकाशा निघाला नसता.

आणि आता 'नाही' या उत्तराची ताकद. लिबियात बेंगाझीच्या मुलांच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर मुद्दाम लागण केल्याचा खटला चालला. हे सारे तिथे मार्च 1998 मध्ये आले होते. तुलियो दे ऑलिव्हेरा, ऑलिव्हर पायबस आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या शरीरातल्या विषाणूंचा वंशवृक्ष मांडला आणि बदलांच्या वेगावरून त्याचं वय काढलं. विषाणू या मंडळींच्या येण्याआधीपासूनच त्या रुग्णालयात पसरत होता. हे डिसेंबर 2006 मध्ये छापून आलं, आणि त्याच महिन्यात न्यायालयाने पुन्हा मृत्युदंड सुनावला. सुटका झाली ती जुलै 2007 मध्ये, राजनैतिक वाटाघाटींतून. पुरावा चांगला असणं आणि तो ऐकला जाणं यात किती अंतर असतं, हे मला दर वेळी या प्रकरणातून आठवतं.

अमेरिकेतल्या एड्सच्या साथीचा 'पेशंट झिरो', म्हणजे पहिला रुग्ण, म्हणून बदनाम झालेल्या विमान कर्मचाऱ्याचंही तसंच. मूळ अभ्यासात त्याची खूण होती 'ओ' हे अक्षर, म्हणजे कॅलिफोर्नियाबाहेरचा. लोकांनी ते शून्य वाचलं. 2016 मध्ये जुन्या नमुन्यांतून जिनोम काढल्यावर दिसलं की त्याचा विषाणू अमेरिकेतल्या साथीच्या मुळाशी नव्हता. तो मधल्या असंख्य फांद्यांपैकी एक.

वयाच्या हिशोबालाही फसायला होतं, बरं का. 2021 मध्ये गिनीत इबोला पुन्हा उफाळला. आधीच्या साथीपासूनच्या पाच-सहा वर्षांत शंभरावर बदल व्हायला हवे होते, दिसले जेमतेम डझनभर. विषाणू माणसामागून माणूस फिरत नव्हता. बहुधा बऱ्या झालेल्या एकाच व्यक्तीच्या शरीरात तो वर्षानुवर्षं जवळपास निपचित पडून होता.

एका माणसाच्या शरीरातही विषाणूची वेगवेगळी रूपं नांदतात, आणि दुसऱ्याची सारी रूपं पहिल्याच्या झाडाची एक फांदी निघाली तर दिशेचा अंदाज येतो. एचआयव्हीसारख्या झपाट्याने बदलणाऱ्या, वर्षानुवर्षं शरीरात राहणाऱ्या विषाणूत हे जमतं. आठवडाभरच्या तापात तेवढी रूपं तयारच होत नाहीत. शिवाय ज्याचा नमुनाच घेतला नाही असा चौथा माणूस कायम शिल्लक राहतो.

तेव्हा तुमच्या घरच्या तिघांचे नमुने उद्या माझ्याकडे आले, तर दोन शक्यता. तुमचा क्रम बाकी दोघांपेक्षा ठळकपणे वेगळा निघाला, तर तुमची तिथल्या तिथे सुटका. तिन्ही सारखे निघाले, आणि मला तीच शक्यता जास्त वाटते, तर मी संगणक मिटून तुम्हालाच विचारीन: पहिला ताप कुणाला आला, कोणत्या दिवशी, आणि त्याआधीच्या आठवड्यात घरी कोण येऊन गेलं होतं?