वाचकांचे प्रश्न : अपघातात सापडलेली जुनी डिझेल गाडी घरी दुरुस्त करताना

प्रश्न : माझ्याकडे साधारण 25 वर्षांपूर्वीची टर्बो डिझेल हॅचबॅक आहे. अपघातात तिच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला धडक बसून बंपर, बोनेट, डावे मडगार्ड, हेडलाइट आणि रेडिएटर निकामी झाले. गाडीत एअरबॅग नाहीत. धडकेनंतर इंजिन काही सेकंद चालवून पाहिले, ते नीट चालले. घरी वेल्डिंग मशीन आणि बऱ्यापैकी हत्यारे आहेत. ही गाडी घरी दुरुस्त होईल का, आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर : इंजिन चालले म्हणून जीव भांड्यात पडणे स्वाभाविक आहे, परंतु गाडी दुरुस्त होण्याजोगी आहे की नाही, हे इंजिनावरून नव्हे तर सांगाड्यावरून ठरते. आपण नोंदवलेले सगळे भाग बोल्टने बसवलेले असतात. ते काढून दुसरे बसवणे हे वेळखाऊ असले तरी अवघड काम नाही. खरी तपासणी त्यांच्या मागे सुरू होते. या प्रकारच्या गाड्यांना वेगळी चॅसी नसते. पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्ड करून तयार झालेला सांगाडा हीच त्यांची चॅसी असते, आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे आलेले पेटीच्या आकाराचे लांब दांडे धडकेचा जोर झेलतात. एकाच कोपऱ्याला मार बसला असेल तर त्या बाजूचा दांडा आखडलेला किंवा आत वळलेला असू शकतो, आणि त्याच्याबरोबर शॉकअॅब्सॉर्बरची वरची बैठकही सरकलेली असू शकते.

तुटलेले भाग उतरवल्यावर आधी डोळ्यांनी पाहावे. आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर लाटेसारख्या सुरकुत्या, सांध्यांवरच्या सीलरला गेलेल्या बारीक भेगा, दांड्यावर एखाद्याच ठिकाणी उडालेला रंग, आणि डाव्या दाराच्या फटीचा वर एक व खाली एक असा बदललेला आकार, या सगळ्या खुणा बोलक्या असतात. पुढच्या काचेच्या खांबाजवळ छताचा पत्रा किंचित उठलेला दिसला तर जोर गाडीच्या मध्यापर्यंत पोहोचला, असे समजावे.

त्यानंतर मापे घ्यावीत, आणि या कामाला घाई करू नये. सपाट फरशीवर गाडी चार मजबूत घोड्यांवर (गाडी टेकवण्याच्या लोखंडी स्टँडवर) समपातळीत ठेवावी. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. सांगाड्याच्या तळाला कारखान्यातच पाडलेली भोके दोन्ही बाजूंना सारख्याच जागी असतात. प्रत्येक भोकाच्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा सोडावा, तो स्थिर झाला की त्याच्या टोकाखाली फरशीवर खडूने फुली मारावी आणि शेवटी गाडी घोड्यांवरून उतरवून, बाजूला ढकलून त्या फुल्यांमधली अंतरे मोजावीत. डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंतचा कर्ण आणि त्याच्या उलटा कर्ण सारखे भरले पाहिजेत. अशाच एका गाडीत मला वरून सगळे ठीक दिसत होते. नवे बोनेट बसलेही होते. पण फरशीवरच्या दोन कर्णांत 11 मिलिमीटरचा फरक निघाला, आणि ते बोनेट बिजागरीची भोके कानशीने वाढवून बसवलेले होते, हे त्यानंतर लक्षात आले. तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक बॉडीच्या कामात साधारणपणे चालतो. फरक त्याहून मोठा असेल तर सांगाडा जखडून ओढण्याची यंत्रणा लागते, आणि तेवढे एक काम मी घरी करा असे सांगणार नाही. झाडाला साखळी बांधून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून दांडा लांब झालेला दिसतो, परंतु तो कोणत्या दिशेने किती आला यावर ताबा राहत नाही. आखडलेला दांडा गॅसने लाल करून सरळ करणे तर त्याहून वाईट, कारण तापलेल्या जागी पोलादाची मूळ ताकद राहत नाही आणि पुढच्या धडकेत तो दांडा भलत्याच ठिकाणी मोडतो.

मापे जुळली किंवा ओढून जुळवून घेतली, की वेल्डिंग घरी करता येईल. जुन्या पॅनेलचे स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे सांधे) फक्त वरच्या पत्र्यापुरते ड्रिलने कापावेत, खालचा पत्रा शाबूत ठेवावा. नव्या पॅनेलला 6 ते 8 मिलिमीटरची भोके पाडून, आत लपणाऱ्या पृष्ठांवर वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर लावून, ती भोके मिग (सतत पुढे सरकणाऱ्या तारेच्या) वेल्डिंगने भरावीत. पूर्ण वेल्ड करण्यापूर्वी पॅनेल क्लॅम्पने धरून बोनेट, मडगार्ड आणि हेडलाइट तात्पुरते बसवून पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फटी सारख्या आल्या तरच वेल्डचे छोटे टाके मारावेत, पुन्हा मोजावे आणि मग काम पुरे करावे. बॅटरी सोडवणे, आल्टरनेटरच्या तारा काढणे आणि डिझेलच्या नळ्या त्या जागेतून पूर्ण बाहेर घेणे, ही तयारी वेल्डिंगच्या आधीच झालेली असावी. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही, परंतु तापलेल्या पत्र्यावर पडलेले किंवा तुषारांसारखे उडालेले डिझेल पेटते. काम संपल्यावर अर्धा तास तरी तेथून हलू नये. पत्र्यामागचा मेणाचा किंवा डांबराचा थर आतल्या आत धुमसत राहू शकतो.

इंजिन काही सेकंदच चालवले, हे बरे झाले. पाण्यावाचून आता ते पुन्हा सुरू करू नये. पुढून बसलेला मार क्रँकच्या पुलीपर्यंत आणि टायमिंग बेल्टच्या (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या) झाकणापर्यंत पोहोचला आहे का, ते उघडून पाहावे. झाकणाचा तुटलेला तुकडा बेल्टमध्ये अडकला तर बेल्ट दात सोडतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जागा उरते, त्यामुळे वेळ चुकलेला व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतो. म्हणून सेल्फ मारण्याआधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडले तर जोर करू नये.

प्रश्न : माझी जुनी डिझेल गाडी रस्त्यावरून घसरून उलटली आणि काही तास छपरावर पडून होती. बाहेरचे नुकसान बेताचे आहे. सरळ केल्यावर ऑइल पाहिले, पातळी थोडी कमी होती. ऑइल भरून इंजिन सुरू करू का?

उत्तर : कृपया करू नये. गाडी उलटी असताना संपमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) ऑइल दोन वाटांनी भलतीकडे जाते. एक वाट ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून हवेच्या मार्गात, टर्बोत आणि इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) जाते, तर दुसरी पिस्टनच्या रिंगांमधून सिलिंडरच्या आत. ऑइल दाबले जात नाही, म्हणून सिलिंडरमध्ये ते साचलेले असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हवेच्या मार्गातले ऑइल त्याहून धोक्याचे असते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, आत शोषले जाणारे ऑइल तेच इंधन म्हणून जाळत ते वेग घेत सुटते, आणि किल्ली बंद करून डिझेल तोडले तरी थांबत नाही.

सर्व ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे प्लग) काढावेत, वर जाड कापड टाकावे, बाजूला उभे राहावे आणि इंजिन हाताने फिरवावे. भोकांतून ऑइल उडणे थांबले की इंधनाच्या कटऑफ सोलेनॉइडची (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) तार काढून ठेवून सेल्फने थोडे फिरवावे. ऑइलऐवजी कूलंट बाहेर आले तर हेड गॅस्केटचे काम आधी काढावे लागेल. इंटरकूलर आणि त्याचे पाइप उतरवून आतले ऑइल ओतून पुसून काढावे, एअर फिल्टर नवा घालावा. पहिल्यांदा सुरू करताना हवा आत घेणारे तोंड झाकता येईल एवढी सपाट, जाड फळी घेऊन एक माणूस जवळ उभा ठेवावा. इंजिन सुटले तर त्या फळीनेच हवा तोडावी, हाताचा पंजा तेथे कधीही ठेवू नये.

प्रश्न : बॉडीच्या कामात गाडी आठ महिने उभी राहिली. टाकी आणि नळ्या काढून पुन्हा बसवल्या. आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पंप गेला असेल का?

उत्तर : बहुधा पंप गेलेला नाही, नळ्यांत हवा शिरली आहे. टाकीतले जुने डिझेल काढावे, कारण तळाला पाणी साचले असेल तर त्याच्या सीमेवर जंतूंचा काळपट चिकटा वाढतो आणि तो नवा फिल्टरही तुंबवतो. फिल्टर बदलून तो स्वच्छ डिझेलने काठोकाठ भरावा, आणि नळ्यांत डिझेल ओढून घेणारा हातपंप गाडीला असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून, फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. पुष्कळ रोटरी पंपांना डिझेलचेच वंगण मिळते, त्यामुळे कोरड्या पंपावर दीर्घकाळ सेल्फ मारणे हाच पंप खराब करण्याचा मार्ग आहे.

यापुढची कृती इंजिनाच्या प्रकारावर अवलंबून आहे. यांत्रिक इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करून, तेथे डिझेल येईपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारून, पुन्हा आवळतात. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जबर दाबाने डिझेल मिळते त्या इंजिनात, हे चुकूनही करू नये. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 बरोबर प्रवासी गाड्यांत आलेल्या या पद्धतीत नळीतला दाब 1300 बारच्याही वर जातो, आणि त्या दाबाने सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली आणि दुखत नसली, तरी लगेच रुग्णालयात जावे.

प्रश्न : लोअर आर्मसकट (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यासकट) डावे चाक बदलले, पुढचे वेल्डिंगही झाले. आता गाडी सरळ चालताना स्टेअरिंग उजवीकडे वाकलेले राहते. अलाइनमेंटमध्ये निघेल का?

उत्तर : स्टेअरिंग मध्यावर आणता येईल, पण कारण तसेच राहील. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंतचे अंतर मोजावे. डावीकडचे कमी भरले तर सबफ्रेम (सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट) किंवा तिची बैठक सरकलेली आहे. अंतर सारखे असेल तर डावा टाय रॉड (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि स्टब अॅक्सल (चाक ज्यावर बसते तो भाग) उजवीकडच्यांशेजारी ठेवून पाहावेत. जरासा वाक गाडीवर असताना दिसत नाही, बाकावर ठेवल्यावर लगेच दिसतो. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करू नये, नवाच बसवावा. स्टेअरिंग रॅकच्या बोल्टची भोके लांबट झालेली नाहीत ना, तेही पाहून घ्यावे आणि अलाइनमेंट त्यानंतर करावी.