वाडीवरच्या कुत्र्यांना चिप बसवली, तरी परवाना अडला?

वाडीवरच्या कुत्र्यांना ओळखीची चिप (कातडीखाली टोचायची मायक्रोचिप) बसवूनही ठाणे महापालिकेत कुत्रं पाळण्याचा परवाना अडला, हे तुमचं वाचून लगेच लिहायला घेतलं, कारण याच खिडकीवर मीही अडकलो होतो. राहायला घोडबंदर रोड, राखणीची दोन कुत्री मुरबाडकडच्या वाडीवर, पावसाळ्यात ती ठाण्याच्या घरी. चिप झाली, रेबीजची लस झाली, आणि तरी "शेतावरची कुत्री आहेत, तिकडूनच करून आणा" म्हणून अर्ज परत. फोटो, ओळखपत्र, घराचा पुरावा यावर काही लिहीत नाही, ते तुम्ही जोडलेलंच असणार.

सगळ्यात महाग पडतो तो एक समज: चिप टोचली की कुत्रं नोंदलं गेलं. चिपमध्ये फक्त १५ अंकी क्रमांक असतो. मालकाचं नाव नाही, पत्ता नाही, लसीची तारीख नाही. बॅटरीही नसते, त्यामुळे हरवलेलं कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही, चिप वाचायचं यंत्र, म्हणजे १३४.२ किलोहर्ट्झचा रीडर, अगदी जवळ फिरवला तरच क्रमांक दिसतो. तो क्रमांक कुणाचा, ही नोंद चिपच्या कंपनीकडे वेगळी करावी लागते. ती कुणीच केली नसेल, किंवा कुत्रं विकणाऱ्याच्या नावावर राहिली असेल, तर क्रमांक दिसूनही तुमच्यापर्यंत कुणी पोचणार नाही. महापालिकेचा परवाना ही त्याहून निराळी गोष्ट, आणि केनेल क्लबचा कागद हा वंशावळीचा. खिडकीवर तो परवान्याच्या जागी चालत नाही. गाईम्हशींच्या कानातल्या १२ अंकी पिवळ्या बिल्ल्याशी तर यातल्या कशाचाच संबंध नाही.

अर्ज अडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा लसीच्या दाखल्यात सापडतं. दाखल्यावर चिपचा क्रमांकच नसतो, किंवा हाताने लिहिताना एखादा आकडा चुकलेला असतो. म्हणून चिप टोचण्याआधी ती पाकिटातच रीडरने वाचून घ्यायची, पाकिटासोबत येणाऱ्या स्टिकरवरच्या आकड्यांशी ताडायची, टोचल्यावर पुन्हा वाचायची आणि मगच लस द्यायची. स्टिकर एक दाखल्यावर, एक डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये, एक घरच्या फाइलला. लस आधीच झाली असेल तर इथल्या परवान्यासाठी ती परत देण्याची गरज नाही, असं माझं मत आहे. डॉक्टरांनी चिप वाचून क्रमांक दाखल्यावर लिहावा, तारीख घालून सही-शिक्का द्यावा. कुत्रं कधी युरोपात न्यायचं असेल तर मात्र तिथे चिपनंतर दिलेलीच रेबीजची लस धरतात.

सही कुणाची, हेही बघा. गावच्या श्रेणी-२ च्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस बऱ्याचदा पशुधन पर्यवेक्षक देतात, ते पशुवैद्य नसतात. दाखल्यावर मात्र पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेल्या डॉक्टरांचीच सही हवी. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पशुवैद्य, असतात, त्यांच्याकडे जा.

आता हद्दीचा घोळ. महापालिकेचा परवाना तिच्या हद्दीत ठेवलेल्या कुत्र्यासाठी. कुत्रं बारा महिने वाडीवरच राहणार असेल तर ठाण्याचा परवाना मागण्यात अर्थ नाही. तिथे लसीचा दाखला, चिपचा क्रमांक आणि ग्रामपंचायतीत दिलेल्या अर्जाची पोच एवढं फाइलला ठेवा. पण वर्षातले काही महिने ते ठाण्याच्या घरी राहत असेल तर परवाना इथलाच, आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा: राहण्याचा पत्ता हा, काही काळ शेतावर. नुसतं "फार्म डॉग" लिहिलंत की खिडकीवरच्या माणसाला परत पाठवायला आयतं निमित्त मिळतं.

आणि तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. माझ्या वेळी एका कार्यालयाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे, आणि कागदावर कुणीच काही दिलं नाही. हे मला आजही संतापजनक वाटतं. जो माणूस आपणहून नियम पाळायला येतो त्यालाच फिरवायचं, मग बाकीचे कशाला येतील? अर्ज आवक-जावकला द्या, पोच घ्या. परवान्याची ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित असेल तर फलकावर मुदत लिहिलेली असते, नकाराची कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. मी वकील नाही. शुल्क आणि अर्जाचा नमुना ठाणे, नवी मुंबई, पनवेल प्रत्येकाचा वेगळा, तो तिथेच तपासा. पण पाळीव कुत्र्याचं लसीकरण ही मालकाची जबाबदारी असल्याचं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे, तेव्हा "शेतावरच्याला काही लागत नाही" हे कुणाचंही ऐकू नका.

दोन-तीन गोष्टी विषयाला सोडून, पण वाडीवाल्यांना लागणाऱ्या. चिप कधीकधी खांद्याकडे किंवा कोपराकडे सरकते, म्हणून वाचताना लोखंडी खिळ्यांचा पट्टा काढून मान, दोन्ही खांदे आणि छाती सावकाश तपासायला सांगा. "चिप नाही" म्हणून दुसरी टोचू देऊ नका. शेळ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) अंदाजाने कुत्र्याला टोचायचं नाही. कोली जातीच्या आणि तिच्या संकरित कुत्र्यांच्या ते जिवावर बेतू शकतं. भातखाचरात फिरणाऱ्या कुत्र्याला लेप्टोची लस पावसाळ्याआधी द्या, ती दरवर्षी लागते. बिबट्याचा वावर असेल तर रात्री कुत्रं मोकळं किंवा साखळीला नको, जाळीच्या बंद खोलीत हवं.

कंपनीच्या नोंदीत फक्त वाडीवरच्या गड्याचा नंबर देऊ नका, गडी बदलतात. पहिला नंबर तुमचा, दुसरा घरातल्या कुणाचा. आणि पट्ट्यावर नाव-नंबर कोरलेला पितळी बिल्ला लावाच, कारण कुत्रं पकडायला येणाऱ्या गाडीत रीडर असेलच असं नाही.