फडक्याला वास का येतो आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्यात सध्या फडक्यावरनं रोज वाजतंय. मी किचनसाठी टिश्यूचे रोल आणते, सासूबाई म्हणतात पैसे कचऱ्यात घालतेस, माझ्या जुन्या साडीची फडकी कर. केली. पण पाऊस सुरू झाला आणि फडक्यांना असा कुबट वास यायला लागला की पुसल्यावर ओट्यालाच वास. रोज साबण लावून धुते, तरीपण. परत रोल आणू का?
(विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आधी सांगा, साडी कसली होती? सुती असेल तर सोनं आहे, पण हल्ली कपाटातनं ज्या जुन्या साड्या निघतात त्या बहुतेक सिंथेटिक, आणि ते कापड पाणी पीत नाही, नुसतं इकडचं तिकडं ढकलतं. कळत नसेल तर काठाचा एक दोरा चिमट्यात धरून काडी लावा, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, सिंथेटिक असेल तर वितळून त्याची कडक गोळी होते. (बेसिनवर करा हो, पडद्याजवळ नको.) माझ्या मते सगळ्यात भारी फडकं म्हणजे जुना पंचा नाहीतर धुऊन धुऊन विरलेलं बनियन. नवीन सुती कापड घेतलंत तर त्यातली खळ जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा, तोवर ते टिपत नाही आणि बायका म्हणतात कापडच खराब.

आता वास. तुम्ही रोज धुता हे खरं असणार, पण वाळतं कुठं? बहुतेक घरात फडकं पिळून नळाच्या मानेवर गुंडाळून ठेवतात, मीपण वर्षानुवर्षं हेच केलं. वास येतो तो ओलीत वाढणाऱ्या जंतूंमुळं, त्यात अन्नाचा अंश आणि तेलकटपणा राहिला की त्यांची चंगळच, मग वरनं कितीही सुवासिक साबण लावा, दोन तासांनी तेच. तेव्हा फडकं घडी न घालता एकपदरी पसरून वाळलं पाहिजे, पावसात फॅनखाली का असेना. आणि म्हणूनच जाड टर्किशचे नॅपकिन ओट्याला नकोत, ते दिवसभर ओलेच राहतात, पातळ कापड लवकर वाळतं. माझ्याकडं आठ फडकी आहेत, रोज सकाळी वाळलेलं काढायचं, रात्री धुऊन पसरायचं, आणि आठवड्यातनं एकदा सगळी जुन्या पातेल्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून दहा मिनिटं उकळायची. त्या पाण्याचा रंग बघितलात की सासूबाई आणि तुम्ही दोघी एका बाजूला याल. उकळायची फक्त सुतीच.

रोल अगदी बंद करू नका, एक ठेवा. मटण-चिकन धुताना ओट्यावर सांडलेलं पाणी, फुटलेलं अंडं, याला फडकं लावू नये, कागदानं टिपून टाकून द्यावं आणि मग ओटा साबणानं धुवावा. पण भजी-वडे निथळायला वर्तमानपत्र घेत असाल तर ते मात्र थांबवा, शाईतलं नको ते पोटात जातं, अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच सांगितलंय. स्टीलच्या चाळणीवर निथळा, कागदही वाचतो.

प्रश्न : मुलानं मायक्रोफायबरची फडकी ऑनलाइन मागवून दिली, पहिले दोन महिने काच अशी चमकायची की बास, आता नुसते ओरखडल्यासारखे पट्टे उठतात. मशीनला बाकीच्या कपड्यांबरोबर टाकते, कम्फर्टपण घालते. माल फसवा होता का?
(शाहूपुरी, सातारा)

उत्तर : माल बरा असेल, कम्फर्टनं घात केला. ही फडकी पॉलिस्टर आणि नायलॉनच्या केसाहून बारीक धाग्यांची असतात, धूळ त्या धाग्यांच्या फटीत अडकते, आणि कपडे मऊ करणारं ते लिक्विड नेमकं धाग्यांवर थर देऊन फटी बुजवतं. शिवाय टॉवेलाबरोबर धुतली की टॉवेलाचं सगळं लिंट यांना चिकटतं, तेच मग काचेवर पट्टे काढतं. आता दोन-तीनदा कोमट पाण्यात साध्या डिटर्जंटनं, एकटीच धुऊन बघा, बऱ्यापैकी सुधारतील. उकळू नका, इस्त्री तर अजिबात नको, वितळतात. आणि गाडी पुसलेलं फडकं टीव्हीला लावू नका, अडकलेला खडा स्क्रीनवर रेघ मारून जातो. खरं सांगू, काच, टीव्ही, आरसा एवढ्यालाच ही फडकी ठेवा. प्लॅस्टिकच आहे शेवटी, धुताना बारीक तंतू पाण्यात जातात, ओट्याला आणि फरशीला सुती असताना कशाला.

प्रश्न : हळदीचं फडकं साबण लावला की लालभडक होतं, काय प्रकार आहे?
(सांगली, मार्केट यार्डाजवळ)

उत्तर : हळदीच्या पेठेत राहून हा प्रश्न! हळदीला चुना लागला की कुंकू होतं ना, तसंच. साबण-सोड्याच्या खारानं हळदीचा रंग लाल होतो, घाबरू नका, खळबळून धुतलं की परत पिवळा. तो पिवळा घालवायला ऊन, ओलं फडकं दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही. पावसाळ्यात मात्र पिवळ्याच फडक्यानं ओटा पुसा, काही बिघडत नाही.

प्रश्न : कामाच्या मावशी बाथरूमचं फडकं ओट्याला वापरतात. सांगितलं तर राग येतो. काय करू?
(सदरबझार, सातारा)

उत्तर : राग येणारच, चारही फडकी एकाच बादलीत, एकाच रंगाची असतील तर त्यांनी ओळखायचं कसं? बाथरूमचं फडकं गडद रंगाचं करा, जुन्या परकराचं वगैरे, त्याचा खिळा बाथरूमच्या दारामागंच, ओट्याचं पांढरं खिडकीजवळ. आणि कुठलं फडकं परत वापरायचंच नाही हेही ठरवा. २०१९ ला पुराचं पाणी उतरल्यावर आम्ही घरातला चिखल काढायला पेटीतल्या सगळ्या जुन्या चादरी फाडल्या, जीव तुटत होता, पण नंतर एकही धुऊन ठेवली नाही, गटाराचं पाणी मिसळलेला चिखल होता तो. बाथरूमचं फडकं ब्लीचमध्ये भिजवणार असाल तर मावशींना एक मात्र नक्की सांगा, त्याच बादलीत टॉयलेटचं अ‍ॅसिड ओतायचं नाही, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. हे रागवून नाही, चहाला बसल्यावर सांगा.