पाळीच्या दिवसांत ख्रिस्ती स्त्रीने प्रभुभोजन घ्यावे का? लेवीय पुस्तकातील शुद्धाशुद्धतेचे नियम आज आपल्याला लागू आहेत का?

घ्यावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे आणि ते देताना मी चाचरणार नाही. आपण लिहिले आहे की पाळीच्या रविवारी सासूबाई आपल्याला मागच्या बाकावर बसवतात, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला जवळ आला की नुसती मान लववायला सांगतात आणि आधार म्हणून लेवीय 15, म्हणजे जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचा पंधरावा अध्याय, दाखवतात. डुकराचे मांस, कोळंबी आणि शब्बाथ (सातव्या दिवसाचा विसावा) यांविषयीही आपण विचारले आहे. त्याकडे मी नंतर वळेन, कारण मागच्या बाकाचा उल्लेख वाचल्यावर माझ्या घरी घडलेले सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

माझे पहिले बाळंतपण माहेरी झाले. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते; मुलगा झाला, मला चालता येऊ लागले, तशी मी उपासनेला गेले आणि वडिलांनी वेदीपुढे उभे करून आमच्यासाठी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. दुसऱ्या खेपेस मुलगी झाली, ती सासरी, नगर जिल्ह्यातील एका गावात. सव्वा महिना झाल्यावर मी रविवारी बाळाला घेऊन उपासनेला जाण्याची तयारी केली, तेव्हा माझे चुलत सासरे, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो आणि जे त्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, वडील (ज्येष्ठ कारभारी) म्हणून सेवा करीत होते, ते आदल्या संध्याकाळी पवित्र शास्त्र घेऊन घरी आले. ओसरीवर बसून त्यांनी लेवीय 12 मोठ्याने वाचले: मुलगा झाला तर सात आणि तेहेतीस मिळून 40 दिवस, मुलगी झाली तर चौदा आणि सहासष्ट मिळून 80 दिवस. मग पुस्तक मिटून म्हणाले, "मुलीचा विटाळ दुप्पट असतो, हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणते."

ते पाचव्या वचनावर थांबले होते. मी आतून म्हटले, "काका, सहावे वचनही वाचा." त्यांनी वाचले नाही, म्हणून मी बाहेर येऊन वाचले. शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर, मुलगा असो वा मुलगी, आईने होमार्पणासाठी एक वर्षाचे कोकरू आणि पापार्पणासाठी पारव्याचे पिलू किंवा होला दर्शनमंडपाच्या, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूच्या, दाराशी याजकाकडे आणावा, असे तिथे आहे. दिवस वेगवेगळे आहेत, अर्पण मात्र एकच आहे. दिवसांत फरक का, याचे कारण तो अध्याय सांगत नाही. 'मुलगी अधिक अशुद्ध' हे काकांचे भाष्य होते, मोशेचे नव्हे. मी त्यांना विचारले की ऐंशी दिवस मोजल्यानंतर कोकरू कोणत्या याजकाकडे न्यायचे, कारण नुसते दिवस मोजून कोणी शुद्ध होते असे हे पुस्तक म्हणतच नाही, आणि यरुशलेमेच्या ज्या मंदिरात पुढे ते अर्पण व्हायचे ते रोमी सैन्याने इ.स. 70 मध्ये पाडले. काका म्हणाले, "ते अर्पण ख्रिस्तात पूर्ण झाले." मग दिवस तेवढे शिल्लक कसे राहिले, हे त्यांनी मला आजवर सांगितलेले नाही.

वाद तेवढ्यावर थांबला असता, पण त्याच आठवड्यात काकांनी गावातल्या एका अंत्यविधीत शवपेटीला खांदा दिला होता आणि दुसऱ्या दिवशी उपासनेत तेच प्रभुभोजनाची भाकर वाटणार होते. जुन्या करारातल्याच गणना या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायाप्रमाणे प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध असतो, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तांबड्या कालवडीची राख घातलेले पाणी त्याच्यावर शिंपडावे लागते, आणि ते न करणारा परमेश्वराचा निवासमंडप भ्रष्ट करतो. मी ते काढून दाखवले. "अंत्यविधी ही सेवा आहे," काका म्हणाले. "आणि बाळंतपण काय आहे?" असे मी विचारले तेव्हा सासूबाईंनी मला डोळ्यांनी दटावले, यजमानांनी विषय बदलला आणि काका चहा न घेता उठून गेले. मी रविवारी उपासनेला गेले. मुलीच्या बाप्तिस्म्याला काका आले नाहीत.

आता मूळ विषय. हे नियम निरर्थक होते, असे कोणी समजू नये. माझी तक्रार लेवीय पुस्तकाशी नाही. इस्राएलाच्या छावणीच्या मधोमध निवासमंडप होता आणि पवित्र देव तिथे आपल्या लोकांमध्ये राहतो, या एका गोष्टीभोवती ती सगळी व्यवस्था उभी होती. जितके आत जावे तितकी पवित्रता वाढत जाई: छावणी, अंगण, पवित्रस्थान आणि अंतरपटाच्या आड परमपवित्रस्थान, जिथे मुख्य याजक वर्षातून एकाच दिवशी, सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला, रक्त घेऊन जाई. अहरोनाचे दोन मुलगे नादाब आणि अबीहू यांनी परमेश्वरापुढे नको तो अग्नी नेला आणि ते तिथेच मेले. अशा जागेजवळ कोणी कोणत्या स्थितीत यावे, हे लेवीय 11 ते 15 सांगते, आणि 15:31 मध्ये हेतूही स्पष्ट आहे: लोकांनी निवासमंडप भ्रष्ट करून मरू नये.

अशुद्ध असणे म्हणजे पापी असणे नव्हे. प्रेताला मूठमाती देणे हे कर्तव्य होते, मूल होणे हा आशीर्वाद होता, तरी दोन्हींमुळे माणूस काही काळ अशुद्ध होई. चौथ्या अध्यायात चुकून पाप करणाऱ्याच्या अर्पणानंतर त्याला 'क्षमा होईल' असे म्हटले आहे. बाराव्या अध्यायात बाळंतिणीच्या अर्पणानंतर ती 'शुद्ध होईल' एवढेच म्हटले आहे, कारण क्षमा करण्यासारखे तिने काही केलेले नसते. चाळिसाव्या दिवशी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले हे गरिबांसाठी सांगितलेले अर्पण घेऊन येशूची आई मरीया यरुशलेमेच्या मंदिरात गेली, हे लूक लिहितो. तिने पाप केले होते, असे म्हणण्याचे धाडस काकाही करणार नाहीत.

ख्रिस्ती माणसाने हे सगळे नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या उजेडात वाचावे. त्या पत्राचे म्हणणे असे की तो मंडप, ती अर्पणे आणि ते याजकपण ही पुढे येणाऱ्या गोष्टींची छाया होती, आणि येशूच्या रक्ताने परमपवित्रस्थानाची वाट मोकळी झाली. येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातला अंतरपट वरपासून खालपर्यंत फाटला; स्त्रीला मागच्या बाकावर बसवणारे आता नवा पडदा शिवत आहेत. मार्क 5 मध्ये बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. लेवीय 15 प्रमाणे तिच्या स्पर्शाने त्याने अशुद्ध व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ती बरी होते, आणि तो तिला सर्वांसमक्ष 'मुली' म्हणतो. तिथून तो याइर नावाच्या माणसाच्या घरी जातो आणि त्याच्या मेलेल्या मुलीचा हात धरतो.

हा वाद मंडळीत जुना आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी प्रभूच्या मेजाजवळ येऊ नये असे लिहिले. पुढे इ.स. 601 च्या सुमारास इंग्लंडमध्ये धर्मप्रसारासाठी गेलेले कँटरबरीचे ऑगस्टीन यांनी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांत रोमचे पोप थोर ग्रेगरी यांनी उलट सांगितले: अशा स्त्रीला मंदिरात येण्यास मनाई करू नये, प्रभुभोजनही नाकारू नये, आणि बाळंतीण अगदी त्याच घटकेला उपकार मानायला आली तरी तिला पापाचा भार नाही. ती आदरापोटी स्वतःहून दूर राहिली तर त्याचे त्यांनी कौतुक केले आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. मात्र स्वतःहून थांबणे वेगळे आणि थांबवले जाणे वेगळे.

माझे स्पष्ट मत असे की आपल्याकडे जे पाळले जाते ते लेवीय नव्हेच. ती सोयर आणि विटाळाची जुनी रीत आहे, तिला बाप्तिस्म्यानंतर लेवीयाचा अंगरखा चढवला आहे. खरोखर लेवीय पाळणाऱ्याने तो बाकही सोडला नसता, कारण ऋतुमती ज्यावर बसली त्याला शिवणाऱ्याने कपडे धुऊन स्नान करावे, असे 15:22 मध्ये आहे. आपल्यानंतर त्या बाकावर कोण बसते आणि तो घरी जाऊन काय करतो, हे कधी पाहिले आहे का?

खाण्याविषयी थोडक्यात: मार्क 7, प्रेषितांची कृत्ये 10 आणि कलस्सैकरांस 2:16 वाचल्यावर कोळंबी खाण्याला हरकत उरू नये. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यहुदी नसलेल्यांवर चारच गोष्टींचे बंधन घातले. त्यांत रक्त वर्ज्य आहे, आणि त्यावर आजही मतभेद आहेत. शब्बाथाचा विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. इथियोपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत आजही मुलाचा बाप्तिस्मा चाळिसाव्या आणि मुलीचा ऐंशीव्या दिवशी होतो, तेव्हा ही प्रथा पाळणारे सगळे अडाणी असतात असे मी म्हणत नाही. निदान ते मुलाचे दिवसही तितक्याच काटेकोरपणे मोजतात, काकांनी माझ्या मुलाच्या वेळी ते मोजले नव्हते. आणि बाळंतिणीला विश्रांती हवी, ती अवश्य घ्यावी. तिचे कारण तिचे शरीर आहे, वेदी नव्हे.

सासूबाईंशी भांडू नका, मी भांडले. त्यांच्यासोबत लेवीय 15 वाचायला बसा, पण एकोणिसाव्या वचनापासून नव्हे, पहिल्यापासून. पहिली अठरा वचने बहुतेक पुरुषांच्या अशुद्धतेविषयी आहेत. सोळावे वचन येईल तेव्हा सासरेबुवा आणि यजमान दोघेही खोलीत असतील, एवढे मात्र पाहा.