एअर फिल्टर तेलाने ओला असेल तर कार्बुरेटर मागवू नका

तुम्ही लिहिलंय: ओहायोत सेकंडहँड राइडिंग मोअर (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) घेतला, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ‘इंटेक’ मालिकेचं साडेसतरा हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं इंजिन. सुरू होतं, पण गचके देतं, ब्लेड लावलं की दम सोडतं, सायलेन्सरमधून निळसर धूर. प्लग, पेट्रोल, एअर फिल्टर बदलून झालं, आता नवा कार्बुरेटर मागवायचा विचार आहे. आणि जाता जाता म्हटलंय की जुना फिल्टर तेलाने थबथबलेला होता.

माझ्या मते सगळं त्या शेवटच्या वाक्यात आहे. कार्बुरेटर आज मागवू नका.

कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, कचरा अडकला म्हणून फिल्टर तेलकट होत नाही. तेल तिथे ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ फिल्टरकडे नेणाऱ्या नळीतून येतं; अर्थात क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागात) नको तेवढा दाब तयार होतोय. आधी डिपस्टिक काढून बघा. तेल खुणेच्या वर आहे का? पातळ झालंय, पेट्रोलचा वास येतोय का? येत असेल तर कार्बुरेटरची नीडल (पेट्रोल थांबवणारी सुई) गळतेय आणि पेट्रोल तेलात उतरतंय. अशा वेळी इंजिन एक मिनिटही चालवू नका; नीडल आणि सीट दुरुस्त करा, तेल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच चावी फिरवा. वास नाही, पातळीही बरोबर आहे, तर मुख्य संशयित दोन उरतात: रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील).

इथेच लोक फसतात, आणि मलाही सगळ्यात महाग हीच चूक पडली. दुरुस्तीच्या दुकानात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं यंत्र) लावतात, आकडा कमी येतो आणि निकाल मिळतो: ‘रिंगा गेल्या, इंजिन बदला.’ तपासणीचे पैसे वेगळे. या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर कॉम्प्रेशन रिलीज असतो. स्टार्टरला जड जाऊ नये म्हणून तो सुरू करताना एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो. त्यामुळे स्टार्टरच्या वेगाला गेजवर येणारा आकडा मुळातच भरवशाचा नाही. ज्यांचा रोजचा धंदाच हा आहे त्यांनी एवढं माहीत असूनही त्याच आकड्यावर अख्खं इंजिन विकावं, याचा मला आजही संताप येतो. काही डॉलरच्या गॅस्केटचं काम असतं हो!

खरी चाचणी लीक-डाउनची: सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून गळते ते बघायचं. टेस्टर ऑटो पार्ट्सच्या काही दुकानांत अनामत ठेवून वापरायला मिळतो. हवेचा कॉम्प्रेसर लागेल. ब्लेड सोडलेलं, पार्किंग ब्रेक ओढलेला, प्लग काढलेला. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकचा स्ट्रॉ धरून फ्लायव्हील हाताने फिरवा आणि कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन अगदी वर आणा. व्हॉल्व्ह कव्हर काढून बघा: दोन्ही रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, सैल हलले पाहिजेत. हलत नसतील तर अजून एक फेरा. आता कव्हर परत लावून हवा सोडा, पण हळूहळू. पिस्टन जरा जरी पुढे-मागे असला तर हवेने क्रँक झटक्यात फिरतो, बोटं लांब ठेवा.

मग कान लावा. कार्बुरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक (आत घेणारा) व्हॉल्व्ह गळतोय, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट (बाहेर सोडणारा). डिपस्टिकच्या नळीतून आली की सगळे ‘रिंगा’ म्हणून मोकळे होतात. थांबा. या इंजिनात सिलिंडर आणि पुशरॉडची (रॉकर हलवणाऱ्या काड्यांची) पोकळी यांच्यामध्ये गॅस्केटची अरुंद पट्टी असते. ती जळाली की हवा पुशरॉडच्या पोकळीतून क्रँककेसमध्ये आणि तिथून त्याच नळीतून बाहेर येते. म्हणून व्हॉल्व्ह कव्हर उघडं ठेवून चाचणी पुन्हा करा. पुशरॉडच्या भोकांतून जोराचा झोत लागला तर माझा कौल गॅस्केटला. हेड उतरवल्यावर त्या पट्टीवर काजळीचा काळा ओघळ दिसला की शंकाच उरत नाही.

गॅस्केट बदलताना जुन्याचे तुकडे स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, मग जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हेड हलकं घासा. घासलं न गेलेलं जे दिसेल तिथे खळगा आहे. कोणता पुशरॉड कुठला, खूण करून ठेवा. हेडचे बोल्ट तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत, शेवटी २२० इंच-पाउंड (सुमारे २५ न्यूटन-मीटर). टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा, अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा फुंकतं.

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप, इंजिन थंड असताना सेट करा, पिस्टन वरच्या टोकापासून पाव इंच खाली गेल्यावर. पाव इंच यासाठी की त्या जागी कॉम्प्रेशन रिलीज आड येत नाही. इनटेक ०.००३ ते ०.००५ इंच, एक्झॉस्ट ०.००५ ते ०.००७. एक्झॉस्ट म्हणजे सायलेन्सरकडचा. गॅप जास्त राहिला तर रिलीज व्हॉल्व्ह उचलत नाही, स्टार्टर अर्ध्यात अडकतो आणि लोक नवी बॅटरी आणतात. हे आकडे तुमच्या इंजिनावरच्या मॉडेल, टाइप आणि कोड नंबरवरून मॅन्युअलमध्ये पडताळूनच घ्या. मी इंजिन पाहिलेलं नाही, जे सांगतोय ते तुमच्या वर्णनावरून.

हवा कुठूनच गळत नसेल तरच इंधनाकडे वळा. चालत्या इंजिनाला अर्धा चोक देऊन गचके थांबले तर मिश्रण पातळ आहे: आयडल जेट तुंबलेला किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. वीस मिनिटं छान चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा, त्याचं हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं. पंपावर ई-१५ (१५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल) स्वस्त दिसलं तरी मोअरमध्ये घालू नका, १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल या इंजिनांना चालत नाही.

आणि हेड खोलणारच आहात तर वरचं ब्लोअर कव्हरही काढा. शेडमध्ये हिवाळा काढलेल्या मोअरमध्ये त्याखाली उंदराचं घरटं हमखास सापडतं. इंजिन थंड ठेवणाऱ्या फिन्समध्ये (बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये) गवत भरलं की हेड तापतं आणि गॅस्केट जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. ते साफ न करता नवं गॅस्केट घातलंत तर तेही जळेल.

आधी डिपस्टिकचा वास घ्या, मग हवा कुठून फुसफुसते ते आणि कोड नंबर कळवा.